कोठ्याची किल्ली कोणाकडे

नागपूरच्या कचेरीत मोठमोठ्या वकिलांचे हार घातलेले फोटो आहेत. असू द्या, माझं काही म्हणणं नाही. पण ज्या बाईनं वीस-बावीस वर्षं त्याच आवारातल्या कडुनिंबाखाली बसून निम्म्या शहराच्या दुकानदारांना शहाणं केलं, तिच्यासाठी भिंतीत एक खिळा ठोकावा असं कोणाला वाटलं नाही. मला ह्याचा राग आहे. मागच्या वर्षी यमुताई गेली, पेपरात चार ओळी आल्या, त्यातही आडनाव चुकीचं छापलं. म्हणून म्हटलं, बसा जयवंताबाई, आता तुम्हीच लिहा.

मी काही लिहिणारी बाई नव्हे. मी बिछायतवाली. लग्नाला, बारशाला, तेरवीला सतरंज्या, कनाती, शामियाना, स्वयंपाकाचे गंज आणि पराती भाड्यानं देणं हा आमचा धंदा. सक्करदऱ्याकडे आमचा कोठा आहे. कोठा म्हणजे सामान ठेवायची पत्र्याची लांबलचक खोली, दुसरं काही नाही. बाहेरून पाहिलं तर म्हशी बांधायची जागा वाटेल. पण ह्याच कोठ्यासाठी मी एका सकाळी घण हातात घेऊन रस्त्यावर उभी होते. त्या दिवशी यमुताई नसती तर मी एक तर तुरुंगात गेले असते, नाही तर घरी बसले असते.

यमुताई हरकरे नागपूरच्या महाल भागातली. सासरचे पूर्वज भोसल्यांच्या दफ्तरात कारकून होते म्हणे, आणि तिचे यजमान मधुसूदनराव कचेरीच्या आवारात टायपिस्ट. त्यांचे हात कापायला लागले तेव्हा ही आठ दिवसांपुरती त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसली, ती पुन्हा उठलीच नाही. साल असेल पासष्ट-सहासष्ट. आवारात तेव्हा टेबल टाकून बसणारी दुसरी बाई नव्हती. दस्त लिहिणारे पुरुष आधी हसले. मग त्यांची गिऱ्हाइकं उठून हिच्याकडे जायला लागली, तेव्हा हसणं थांबलं. सायकलवर यायची, गालात सुपारी धरलेली असायची, आणि टायपाची मशीन संध्याकाळी चहावाल्याच्या पेटीत ठेवून जायची.

तिचा एक नियम होता. कागद टाइप झाला की लगेच सही घ्यायची नाही. आधी तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि मग म्हणायचं, "आता तुम्ही सांगा, ह्यात काय लिहिलंय." गिऱ्हाइकाला आपल्या शब्दांत सांगता आलं नाही तर कागद फाडायची आणि पुन्हा टाइप करायची, आणखी सोपा. फाटलेल्या कागदाचा खर्च तिच्या पदरचा. "ज्याला कळलं नाही त्याची सही म्हणजे नुसता शाईचा डाग," असं म्हणायची. काही किचकट असलं की ओळखीच्या वकिलाला दाखवून आणायची. आपण वकील असल्याचा तोरा तिनं कधी मिरवला नाही, आणि मिरवला असता तर शोभला असता, असं माझं मत आहे.

आमची तिची गाठ पडली सत्तर सालच्या मे महिन्यात, एका वावधनापायी, म्हणजे वादळी वाऱ्यापायी. माझे वडील महादेवराव मूळचे रामटेकजवळच्या खेड्यातले. धानाची शेती भावांवर सोडून ते नागपुरात आले, आणि चंपतराव ह्या जिवाभावाच्या मित्राबरोबर त्यांनी ही बिछायत उभी केली. त्या मे महिन्यात खापरखेड्याला पॉवर हाउसच्या कॉलनीत एक लग्न होतं, मंडप आमचा. वरात दारात आली आणि वावधन सुटलं. शामियाना उडाला, तारेच्या कुंपणावर जाऊन पडला आणि उभा फाटला. नवरीचा बाप म्हणाला, आमची शोभा झाली, भाडं विसरा. बाबा म्हणाले, शामियाना फाटला, भरून द्या. दोघंही आपापल्या जागी खरे, त्यामुळे दोघंही ऐकेनात. बाबा तणतणत नोटीस टाइप करायला कचेरीत गेले. त्यांना अक्षरओळख बेताचीच, म्हणून मी सोबत. मी सोळा वर्षांची होते.

"करारनामा दाखवा," यमुताई म्हणाली.

"कायचा करारनामा? तोंडानं ठरलं होतं."

"वारा आला तर काय करायचं, हे ठरलं होतं?"

"वाऱ्याचं कोण ठरवते बाई?"

"मग नोटीस कोणाला पाठवू? वाऱ्याला?"

बाबांना राग आला. मला हसू आलं, ते बाबांनी पाहिलं, त्याचा आणखी वेगळा राग. पण बाई खोटं बोलत नव्हती. तिनं ती नोटीस टाइप केलीच नाही. म्हणाली, मागचं गेलं ते गेलं, निम्मं-निम्मं करून मिटवा, आणि पुढच्या गिऱ्हाइकापासून हा कागद वापरा. आणि तिनं मशीनवर कागद चढवून तिथल्या तिथं एक पान तयार केलं. सामान किती, कुठल्या तारखेला पोचणार, कधी उचलणार. भांडी दोघांसमोर मोजून द्यायची, दोघांसमोर मोजून घ्यायची. वाऱ्या-पावसानं कापड फाटलं तर नुकसान निम्मं-निम्मं. मंडपाखाली कोणी चूल पेटवली तर जबाबदारी पेटवणाऱ्याची. लग्न मोडलं तर बयान्याचं काय, तेही. खाली दोन सह्या, एक प्रत त्यांची, एक आपली.

बाबांनी तो कागद चार महिने वापरलाच नाही. वापरायला काढला तर लोक दुखावायचे. एका मोठ्या घरच्या माणसानं तर विचारलं, आमच्या खानदानावर भरोसा नाही का? बाबा खाली मान घालून परत आले आणि यमुताईवर खेकसले. तिनं सुपारी इकडची तिकडे केली. "म्हणावं, भरोसा तुमच्यावर पुरा आहे, माझ्या डोक्यावर नाही. मी विसरतो. कागद माझ्यासाठी आहे." बाबांनी पुढच्या गिऱ्हाइकाला असंच सांगितलं आणि तो हसत हसत सही करून गेला. त्यानंतर वर्षभरात बाबांचं कोणाशी भांडण झालं नाही. मला वाटतं त्यांना थोडं चुकल्यासारखंही झालं असावं, कारण भांडायला त्यांना आवडायचं.

आता खरी गोष्ट. एकदा असाच कागद टाइप करता करता यमुताईनं सहज विचारलं, "तुम्हा दोघा भागीदारांत काय लिहिलेलं आहे?"

बाबा आणि चंपतराव दोघंही हसले. एकसष्टच्या दसऱ्याला दोघांनी एकमेकांच्या हातात सोन्याची, म्हणजे आपट्याची, पानं दिली होती आणि म्हटलं होतं, निम्मं तुहं, निम्मं माहं. झाली भागीदारी. दहा वर्षांत एका दिवसाचं भांडण नाही.

"मी हाय ना बाई," चंपतराव छातीवर हात ठेवून म्हणाले. "महादेवाच्या लेकराले मी उघडं पडू देईन का? कागद कायले पाहिजे?"

हे त्यांचं पेटंट वाक्य. मंडपाची बल्ली वाकडी असो, कोणाच्या घरी मयत असो, चंपतराव म्हणायचे, मी हाय ना. आणि असायचे, खोटं नाही.

"तुम्ही आहात हो," यमुताई म्हणाली. "पण कायम असणार आहात का? दोघांच्या भागीदारीतला एक गेला की भागीदारी संपली, कायद्यानंच. मग सामान कोणाचं, कोठा कोणाचा, हे तुमच्या पोरांनी ठरवायचं. कागद बेइमानासाठी नसतो चंपतराव, बेइमान कागदाला जुमानतो कुठे? कागद इमानदाराच्या पोरांसाठी असतो. तुमचं इमान तुमच्याबरोबर जाणार, सतरंज्या मागे राहणार."

दोघांनी माना हलवल्या आणि काही केलं नाही. आमच्याकडे असंच असते. मान हलवली की काम झालं.

यमुताई मात्र सोडणारी नव्हती. त्यात तिला काय मिळणार होतं? चार पानांची टायपिंगची मजुरी, आणि त्या मजुरीसाठी ती दोन वर्षं आमच्या मागे लागली. एकदा तर रविवारी सायकल मारत घरीच आली. आईनं चहा दिला. यमुताईनं कप हातात घेऊन सरळ विचारलं, "महादेवराव, तुमच्या पश्चात तुमचा हिस्सा कोणाला जावा, काही विचार केलाय?"

माझी आई गोपिका तशी गरीब बाई. पण ती उठली, यमुताईच्या हातातला भरलेला कप काढून घेतला आणि आत घेऊन गेली. आतून म्हणाली, "माह्या कुंकवासमोर असं अभद्र बोलाचं असन तं माह्या घरी येऊ नको वं बाई."

दुसरी कोणी असती तर पुन्हा फिरकली नसती. यमुताई महिन्याभरानं पुन्हा आली. ह्या वेळी तिनं मरणाचं नाव काढलं नाही. बाबा ओसरीवर रस्से वळत होते, आई तांदूळ निवडत होती, मी फाटकी कनात शिवत होते.

"महादेवराव, एक सांगा," यमुताई म्हणाली. "समजा तुम्ही रामटेकला दर्शनाला गेलात. गडाच्या पायऱ्यांवर पाय मुरगळला. पंधरा दिवस येता येत नाही. चंपतरावही कुठे सोयरिकीत अडकले. इकडे लग्नाचं सामान पोचवायचं आहे. कोठ्याची किल्ली कोणाकडे?"

एकेक नाव बाबांच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलेलं मला दिसलं. पुतणे शेतात, त्यांना कनात कोणती आणि जाजम कोणतं ते कळत नाही. चंपतरावांचा मुलगा रुपराव खापरखेड्याला नोकरीला लागलेला, त्याला ह्या धंद्याची लाज वाटायची. बाबांनी रस्सा खाली ठेवला.

"जयवंताकडे," ते म्हणाले.

आई तांदूळ निवडायची थांबली. माझी सुई थांबली. घरात एवढ्या वर्षांत कोणी हे बोललं नव्हतं, बाबांनाही ते त्या क्षणीच कळलं असावं. मोजणी मी करायची, गिऱ्हाइकाशी घासाघीस मी करायची, कुठली सतरंजी कुठल्या थप्पीत आहे ते मला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. पण पोरगी म्हटल्यावर ते सगळं मदत ह्या खात्यात जायचं. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी उठून पाणी प्यायला गेले, आणि तहान नसताना दोन गिलास प्यायले.

"मग बोललात ते लिहून ठेवू," यमुताई बाहेर म्हणत होती.

नंतर मला कळलं की ती प्रत्येकालाच हा प्रश्न विचारायची. किराणावाल्याला, सायकलवाल्याला, छापखान्यावाल्याला. तुमच्यामागे कोण, असं विचारलं तर माणूस राम राम म्हणत उठून जातो. किल्ली कोणाकडे विचारलं की खरं बोलतो.

त्र्याहत्तरच्या दसऱ्याला कागद करायचे ठरले. भागीदारी जन्मली दसऱ्याला, म्हणून कागदही दसऱ्याला, घरीच. रजिस्ट्री सुट्टी संपल्यावर. कागद दोन होते. पहिला भागीदारीचा. त्यात यमुताईनं वकिलाला विचारून एक तोड काढली होती. दोघांचे तीन भागीदार करायचे, तिसरी मी, कारण मला अठरा पूर्ण झाली होती. तिघं असले, आणि एकाच्या जाण्यानं धंदा बंद पडणार नाही असं लिहिलेलं असलं, तर उरलेले दोघं चालवू शकतात. चंपतराव म्हणाले, "घ्या पोट्टीले. माह्यापरीस हिसाबात पक्की हाय." दुसरा कागद बाबांचं मृत्युपत्र, त्यांचा हिस्सा आईला आणि मला सारखा. आईसमोर यमुताई त्याला व्यवस्थेचा कागद म्हणायची.

आता आमच्या लोकांची रीत ऐका. साखरपुडा असो, वाटणी असो, सर्वांत आधी सर्वांत म्हातारा माणूस पाहिजे. त्याच्या सहीशिवाय किंवा अंगठ्याशिवाय कागदाला कागद म्हणतच नाहीत. बाबांनी गावाकडून धोंडबांना आणलं, वय ब्याऐंशी. सोबत त्यांचे धाकटे बंधू, धाकटे म्हणजे अठ्ठ्याहत्तर. दोघांना नवे फेटे, बसायला आमचं सर्वांत चांगलं जाजम. बाबा मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "हे आमचे साक्षीदार."

यमुताईनं दोघांना वाकून नमस्कार केला आणि मग शाईच्या पॅडचं झाकण लावून टाकलं.

"हे चालणार नाहीत," ती म्हणाली.

बाबांचा चेहरा लाल झाला. "काहून? आमच्या पंचक्रोशीत यायच्यापेक्षा मोठं कोणी नाही."

"म्हणूनच चालणार नाहीत. साक्षीदार मानाचा नसतो महादेवराव, कामाचा असतो. हा कागद तुमच्या पश्चात उघडणार. कोणी शंका काढली तर न्यायाधीश विचारणार, ही सही तुमच्या डोळ्यांसमोर झाली का, माणूस शुद्धीत होता का? त्याचं उत्तर द्यायला साक्षीदार तेव्हा जिवंत पाहिजे. मी किती मृत्युपत्रं लटकलेली पाहिली. सगळ्यांवर आजोबांचे अंगठे, आणि आजोबा एकही शिल्लक नाहीत."

आई आत पुरण वाटत होती म्हणून बरं, पण मला वाटलं आता बाबा तिला घालवून देतील. तेवढ्यात धोंडबा हसायला लागले. दात नव्हते, पण पोट हलेपर्यंत हसले.

"बाई खरं बोलून राहिली गा महादेवा," ते म्हणाले. "मी तुह्या पयले जाईन. मंग तुह्या साक्षीसाठी मले वरून खाली कोण आणन? कुंकू मी लावतो. सह्या पोट्ट्यायच्या घ्या."

असा माणूस पाहिजे. त्यांनी दोन्ही कागदांच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं आणि कुटलेलं पान चघळत बाजूला बसले. एक साक्षीदार झाली शेजारची चारुशीला, शाळेत मास्तरीण, चोवीस वर्षांची. दुसरा यमुताईनं स्वतः निवडला. सणाला घरी आलेला रुपराव, बावीस वर्षांचा.

बाबा तिला कोपऱ्यात घेऊन गेले. मी मुद्दाम तिकडेच पाट मांडायला गेले. "रुपराव कायले? उद्या भांडण झालं तं तोच भांडन."

"म्हणून तर तो," यमुताई म्हणाली. "भांडणाऱ्याला दाराबाहेर ठेवलं की तो म्हणतो मला काही माहीतच नव्हतं. त्याला आत बसवायचं."

तिनं रुपरावलाच भागीदारीचा कागद मोठ्यानं वाचायला लावला. तो छान वाचायचा, स्पष्ट. वाचून झाल्यावर तिचा नेहमीचा प्रश्न, आता तू सांग काय लिहिलंय. रुपराव म्हणाला, "काका नसले नाही तं बाबा नसले, तरी बिछायत बंद पडाची नाही. जयवंता भागीदार हाय, ते चालवन." मग सर्वांसमोर भागीदारीच्या कागदावर बाबा, चंपतराव आणि मी अशा तिघांनी सह्या केल्या, मृत्युपत्रावर एकट्या बाबांनी, आणि ते पाहत ह्या दोघांनी साक्षीच्या केल्या. धोंडबा पुढच्याच पावसाळ्यात गेले. यमुताई त्यांच्या तेरवीला आली होती.

माझं लग्न शहरातच झालं, नवरा पोस्टात. मी सकाळी पोळ्या लाटून कोठ्यावर जायची, कोणाची काही तक्रार नव्हती. ऐंशी साली चंपतरावांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. रुपराव नोकरी सोडून घरी आला आणि बापाच्या जागी कोठ्यावर बसायला लागला. दोन वर्षं बरी गेली. ब्याऐंशीच्या जानेवारीत माझे बाबा झोपेतच गेले.

तेरवीला आमच्याच सतरंज्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठेवायला मी कोठ्यावर गेले, तर आमच्या कुलपाच्या वर दुसरं कुलूप, माझ्या तळहाताएवढं. रुपराव समोर बाकावर बसलेला.

"हे काय होय?" मी विचारलं.

"दोघा म्हाताऱ्यायची भागीदारी होती," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "एक गेले, एक पडले. तू सासरची झाली. आता मी पाहीन. काकूले महिन्याच्या महिन्याले देत जाईन काही."

"अन् तो कागद?"

"तो दसऱ्याचा? तो तं दाखवापुरता होता. काका तवा बिमार होते, त्यायले काही समजून नव्हतं राहिलं."

माझे बाबा त्या दिवशी दहा जणांच्या पंक्तीत पाच पुरणपोळ्या खाऊन उठले होते. बिमार! मी काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही, नवरा वाचणार आहे. आईचं सगळं म्हातारपण त्या पत्र्याच्या खोलीत होतं. माझी पंधरा वर्षं त्यात होती. फाल्गुनातल्या अकरा लग्नांच्या करारांवर माझी सही होती, सामान पोचलं नाही तर जबाब मी द्यायचा होता. खुंट्या ठोकायचा घण बाहेर पडलेला होता, तो मी उचलला. शेजारचे लोक धावले नसते तर ते कुलूप मी फोडलंच असतं.

तशीच कचेरीत गेले. यमुताईचे केस आता पिकले होते, प्रतापनगरला राहायला गेली होती, पण टेबल त्याच झाडाखाली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कुलूप फोडलंस?"

"नाही. धरून ठेवलं लोकांनी."

"उपकार मान त्यांचे. फोडलं असतंस तर आज तो फिर्यादी आणि तू आरोपी. पाणी पी. उद्या सकाळी चंपतरावांच्या घरी ये, आईला घेऊन. तू बोलायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. ते पाळणं मला आयुष्यात सर्वांत जड गेलं.

चंपतराव खाटेवर होते. माझ्या आईचं मोकळं कपाळ पाहून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रुपरावची बायको दोन लेकरांना घेऊन दाराआड उभी. यमुताई खाटेजवळच्या स्टुलावर बसली आणि तिनं पिशवीतून भागीदारीच्या कागदाची प्रत काढून रुपरावच्या हातात दिली.

"वाच," ती म्हणाली. "त्र्याहत्तरला फार छान वाचला होतास."

तो वाचायला लागला. एका भागीदाराच्या निधनानंतर, इथपर्यंत आला आणि थांबला. "पुढे," यमुताई म्हणाली. त्यानं पुढचं वाचलं. शेवटी सह्या आल्या.

"ही खालची सही कोणाची?"

रुपरावनं कागद परत तिच्यापुढे केला, तिनं घेतला नाही.

"तू म्हणतोस, काका आजारी होते, त्यांना समजत नव्हतं. ठीक आहे, कोर्टात जाऊ. ह्या कागदावरही तू साक्षीदार, मृत्युपत्रावरही तूच. न्यायाधीश आधी तुलाच बोलावतील. शपथ घेऊन सांगायचं, की मी समोर बसून बघितलं, कागद मोठ्यानं वाचला, आणि खोटा आहे हे माहीत असून त्याच्यावर सही केली. सांगशील?"

खाटेवर धडपड ऐकू आली. चंपतराव डाव्या हातानं खाटेची पाटी बडवत होते. तोंडातून नुसता आवाज येत होता, शब्द एकही नाही. जन्मभर मी हाय ना म्हणणारा माणूस, होता, समोर होता, सगळं जाणत होता, आणि आमच्या बाजूनं एक अक्षर बोलू शकत नव्हता. त्यांनी मुलाच्या हातातला कागद ओढला, त्याच्या सहीवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट माझ्याकडे केलं.

रुपरावनं खिशातून किल्ली काढून त्या कागदावर ठेवली. "मी नोकरी सोडून आलो," तो खाली बघत म्हणाला. "बाबाचं औषधपाणी हाय. हे दोन लेकरं. मी कुठी जाऊ?"

मला त्याची कीव आली, आणि राग गेला नाही. दोन्ही एकदमच होतं.

"ते आधी बोलायचं असतं, कुलूप लावण्याआधी," यमुताई म्हणाली. आवाज मात्र मऊ झाला होता. "कागद फक्त हिचं राखत नाही बाबा, तुझंही राखतो. चंपतरावांचा हिस्सा जसाच्या तसा आहे. तुझ्या लेकरांना कोणी उठवू शकत नाही. बरं, आता तू मला एक सांग. समजा उद्या तू रामटेकला दर्शनाला गेलास. गडावर पाय मुरगळला. पंधरा दिवस येता येत नाही. तुझे बाबा असे, लेकरं एवढी एवढी. कोठ्याची किल्ली कोणाकडे?"

रुपरावनं दाराआडच्या लेकरांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग त्यानं कागदावरची किल्ली उचलली आणि माझ्यासमोर धरली.

"जयवंताकडे," तो म्हणाला.

"मग हेही लिहून ठेवू," यमुताई म्हणाली आणि पिशवीतून पेन्सिल आणि वही काढली. "चंपतराव, तुमच्या हिश्श्याचा कागद आजच करू. डाव्या हाताचा अंगठा चालतो. साक्षीला कोणाला बोलावू?"

कोणी काही सुचवायच्या आत माझी आई बोलली. ह्याच बाईच्या हातातला भरलेला कप जिनं एकदा काढून नेला होता, ती माझी आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तरणेताठे पाहा वं बाई. म्हातारे नको."